'का'भोवतीचं कडं

बुधवारी सकाळी सव्वादहाला त्यानं इन्क्युबेटरचं दार उघडलं, पाचवी बशी उजेडात धरली, आणि तिच्यात कडं दिसलं. आधी त्याला वाटलं, चष्म्यावर पाणी उडालंय. चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला, तरी कडं जागच्या जागी. बशीतल्या पिवळट जेलीवर जंतूंचा थर सायीसारखा पसरलेला आणि त्या सायीत, कागदाच्या एका टिकलीभोवती, स्वच्छ गोल. गरम वाटी टेकवून उचलावी तसा. त्या गोलात एक जंतू नव्हता. अकरा वर्षांत त्यानं तीनशे बारा झाडांची पानं, साली, मुळं आणि बिया उकळल्या होत्या, गाळल्या होत्या, त्यांचे अर्क कागदाच्या टिकल्यांवर टिपून त्या टिकल्या माशांना आजारी पाडणाऱ्या जंतूंमध्ये ठेवल्या होत्या, आणि जंतू दर वेळी टिकलीच्या काठापर्यंत येऊन, कधी कधी तर टिकलीवर चढून, गच्चीवर गप्पा मारायला बसल्यासारखे बसलेले. संस्थेत त्याला काढेवाले म्हणत. मागून म्हणत तसं तोंडावरही म्हणत. "काढेवाले, घसा बसलाय, काही उकळलंय का आज?" आणि आता हे कडं. आनंद व्हायला हवा होता. तो बशी धरून आनंदाची वाट बघत उभा राहिला, जशी आपण शिंक येणार म्हणून तोंड उघडं ठेवून थांबतो आणि शिंक कुठे जाते कळत नाही. मग त्यानं टिकलीवरचं अक्षर वाचलं. त्याच्याच हातचं, बारीक पेनाचं. लिहिलं होतं: का.

पूर्वी टिकल्यांवर आकडे असत. पण त्याचे एक आणि नऊ जुळ्या भावांसारखे दिसत, आणि त्या भावांच्या गोंधळात एकदा आल्याचा अहवाल लसणाच्या नावानं छापून गेला होता. तेव्हापासून त्यानं अक्षरं धरली. नखाएवढ्या टिकलीवर दुसरं अक्षर मावत नाही, म्हणून पहिलंच. आता या आठवड्याच्या डब्यांत 'का' किती? काकडीची सालं. काळी मिरी. काजूची टरफलं. कापसाची मुळं. कांद्याची सालं, म्हणजे खरं तर कां, पण टिंबाची शाई पुसली गेली असेल तर तोही का. आणि शिवाय दर खेपेला कुठल्या तरी एका बशीत एक कोरी टिकली असते, कशातच न बुडवलेली, नुसता कागद जंतूंना मारत नाही ना हे बघायला. तिला तो म्हणायचा 'काही नाही'. म्हणजे तोही का. सहा का. त्यानं वही उघडली. सोमवारच्या पानावर, पाचव्या बशीसमोर, त्याच दमलेल्या हातानं लिहिलं होतं: 'का'. पुढे काही नाही. पुढे खरोखरच काही नाही, की 'काही नाही' लिहायचं होतं आणि हात थांबला, ते कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात मोबाईल थरथरला. मेहुण्याचा निरोप. रोज सकाळी मेहुणा फक्त एक आकडा पाठवतो, नमस्कार नाही, चमत्कार नाही. आज होता: ३८. काल ४१ होता. एवढे मासे सकाळी पाण्यावर उलटे तरंगताना मिळाले. मेहुण्याकडे सहा टाक्या, त्यातल्या चार आता रिकाम्या, राहिल्या दोन. माशांच्या पोटावर आधी लाल चट्टा येतो, मग चट्टा फुटतो, शेपटी झडते, आणि मासा गोल गोल फिरायला लागतो, काहीतरी विसरल्यासारखा. दुकानातलं औषध मेहुण्यानं मीठ टाकावं तसं टाकलं होतं, दोन वर्षं, आजार असो नसो. आता जंतूंना ते औषध लागत नाही. बशीत त्या औषधाचीही टिकली होती, आणि तिच्या चारी बाजूंनी जंतू दाटीवाटीनं उभे. हे जंतू मेहुण्याच्याच टाकीतले. आणि मेहुण्याला या धंद्यात ढकललं कुणी? चार वर्षांपूर्वी एका दुपारी, जेवणानंतर, हात धुता धुता तो म्हणाला होता, "मासे ठेव. मी आहे ना." मी आहे ना. तीन शब्द. टॉवेल शोधताना बोललेले. मेहुण्यानं नोकरी सोडली होती त्या तीन शब्दांवर. बायको त्या विषयावर कधी बोलत नाही; ती फक्त कधी कधी भाजी वाढताना थांबते आणि विचारते, "त्याला काय सांगू?" त्या प्रश्नात 'तुम्ही' कुठेच नसतं, त्यामुळे तो जास्त लागतो.

म्हणून त्यानं मेहुण्याला फोन केला. करायला नको होता, पण केला.

"कडं आलंय."

"कसलं कडं?"

"जंतू मेलेत. तुझे जंतू."

पलीकडे टाकीतल्या पंपाचा घरघराट. मग मेहुणा म्हणाला, "भावजी, कशानं मेले?"

"का."

"का काय? मीच विचारतोय ना, कशानं."

"तसं नाही रे. टिकलीवर 'का' लिहिलंय. कशाचा का ते बघतोय. काकडी, कांदा, काजू, कापूस, काळी मिरी. यातलं एक."

"बघा लवकर," मेहुणा म्हणाला. "शेवटच्या दोन टाक्या आहेत. त्या गेल्या की मी पण का लिहून लटकवतो दारावर."

सोमवारी दुपारी हात कशात बुडाला होता, एवढंच आठवायचं होतं. त्यानं टेबलाशी बसून डोळे मिटले. आश्चर्य म्हणजे सोमवार पूर्ण आठवत होता, फक्त तेवढं एक सोडून. सकाळी डब्याच्या पत्र्यानं अंगठा कापला ते आठवलं. बायकोनं अंगठा नळाखाली धरला, मलम लावलं, फुंकर मारली, आणि फुंकर मारल्याचं लक्षात येऊन एकदम हात सोडून दिला ते आठवलं. किती वर्षांनी कुणी फुंकर मारली असेल. दुपारी बाटल्या धुणाऱ्या मावशींच्या कानातल्याची फिरकी मोरीत पडली आणि त्यांनी चिमटा पळवला ते आठवलं. समोरच्या इमारतीत कुणीतरी पेटीवर एकच ओळ वाजवत होतं, चुकत होतं, परत वाजवत होतं. खिडकीच्या काचेवर एक माशी. एवढं सगळं जपून ठेवणाऱ्या डोक्यानं ती एक बाटली मात्र कुठे टाकून दिली? त्याला वाटलं, आपलं डोकं घरातल्या त्या कपाटासारखं झालंय, जे उघडलं की छत्रीचे दांडे आणि जुनी बिलं अंगावर पडतात आणि हवी ती वस्तू सापडत नाही. मुलगी चार वर्षांची असताना दिवसभर 'का' विचारायची. पाणी ओलं का? मासा पाण्यात भिजतो का, मग त्याला सर्दी का नाही होत? तेव्हा तो संध्याकाळी दमून यायचा आणि म्हणायचा, "का म्हणजे का." आता ती दूरच्या शहरात असते, आठवड्यातून एकदा फोन करते, आणि काहीच विचारत नाही. बरं आहे ना, म्हणते. प्रश्नचिन्हाशिवाय.

साहेब म्हणजे संस्थेचे संचालक. त्यांना बातमी कुणी दिली नाही. साहेबांना अशा बातम्यांचा वास येतो. ते आले, बशी उजेडात धरली, आणि त्यांच्या तोंडावर तो आनंद उमटला जो काढेवाल्यांना काही केल्या येत नव्हता.

"उद्या पाहुणे आहेत," साहेब म्हणाले. "मोठ्ठा फोटो. सभागृहात. मागच्या भिंतीवर."

"साहेब, कशाचा अर्क आहे तेच कळलं नाहीये अजून."

"निसर्गाचा आहे ना?"

"तो आहे."

"मग झालं. निसर्ग म्हटलं की त्यात सगळं आलं."

त्यानं सहाही 'का' नव्यानं तयार केले, नव्या बशांत ठेवले, या वेळी प्रत्येक बशीखाली पूर्ण नाव लिहिलं, दोनदा वाचलं. काळी मिरी गाळताना सलग अकरा शिंका आल्या. वर्षाला एक, मावशी म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी दहाला त्यानं सहा बशा एकामागून एक उजेडात धरल्या. काकडीभोवती जंतू. काजूभोवती जंतू. कापूस, काळी मिरी, कांदा: जंतू, जंतू, जंतू. 'काही नाही'भोवतीही जंतू. सहाच्या सहा बशा सायीनं भरलेल्या, कुठे एक खळगा नाही. निराश व्हायलाही ताकद लागते, ती त्याच्याकडे नव्हती. त्याला फक्त खाली बसावंसं वाटलं, आणि तो बसणार एवढ्यात शिपाई बोलवायला आला, कारण सभागृहात फोटो चढवला होता आणि साहेब घाम पुसत होते.

फोटो भिंतीएवढा होता. कडं बैलगाडीच्या चाकाएवढं. आणि मधोमध, माणसाच्या उंचीच्या अक्षरात: का? छापणाऱ्यानं प्रश्नचिन्ह घातलं होतं. फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, वाक्य अर्धवट वाटत होतं. मी सुधारलं. त्याचे वेगळे नाही लावले." पाहुणे आले तेव्हा ते भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. त्यातल्या पिकल्या केसांच्या एक बाई पुटपुटल्या, "खरंय." दुसऱ्या एकांनी साहेबांचा हात हातात घेऊन सांगितलं की विज्ञानाचा गाभा इतक्या थोडक्यात त्यांनी कुठे पाहिला नव्हता. साहेबांनी मान झुकवली. तो मागच्या खुर्चीत बसून त्या 'का'कडे बघत होता. आपलंच अक्षर इतकं मोठं झालं की ओळखीचं राहत नाही. आपला आवाज दुसऱ्याच्या फोनमधून ऐकावा तसं. त्या कान्याला एक थरथर होती, खालपर्यंत जाता जाता दमलेली. एवढ्या लोकांत ती फक्त त्याला दिसत होती. सकाळचा मेहुण्याचा आकडा त्यानं तोवर उघडलाच नव्हता. आता उघडला. १२. त्याला वाटलं, मासेच कमी राहिलेत, म्हणून मरतायत कमी.

दुपारी डबा उघडून बसला तर बायकोचा फोन. ती कामाच्या वेळी फोन करत नाही. त्याला वाटलं, आता विचारणार, त्याला काय सांगू. पण ती म्हणाली, "मलम लावलंत का?"

"हं?"

"अंगठ्याला. ट्यूब तुमच्या खिशात दिलीय सोमवारी. लावलंत का, म्हणून विचारतेय. तुम्ही काही विचारल्याशिवाय करत नाही."

मलम. का. त्याच्या डोक्यातल्या कपाटातून शेवटची वस्तू अंगावर पडली: चिमटा नव्हता. चिमटा मावशींनी फिरकी काढायला नेला होता. बाकी टिकल्या आधीच ठेवून झाल्या होत्या, एकच राहिली होती, आणि शेवटी नेहमी कोरीच ठेवतात. ती त्यानं हातानं उचलली होती. अंगठा आणि बोट यांच्यात धरून.

"ऐकताय ना?" बायको म्हणाली.

"लावलं," तो म्हणाला. "सोमवारीच लागलंय."

जेवण तसंच ठेवून त्यानं एक नवी बशी घेतली, तिच्यावर मेहुण्याचे जंतू पसरले. डावा अंगठा साधा टेकवला. उजव्याला मलम लावलं, पुसलं, आणि शेजारी टेकवला. मावशी दारातून बघत होत्या. "काय लिहून देताय?" त्यांनी विचारलं. "अंगठा कशावर उठवताय?"

शुक्रवारी सकाळी डाव्या अंगठ्याच्या जागी सायीशिवाय काही नव्हतं. उजव्याच्या जागी अंगठा होता. जंतूंच्या सायीत स्वच्छ, काचेसारखा, कड रेखून काढलेला अंगठा, मधोमध काप गेलेली आडवी रेघसुद्धा. अकरा वर्षं, तीनशे बारा झाडं, आणि शेवटी निसर्गानं अंगठा दाखवला. त्यानं बशी खिडकीशी धरली आणि त्याला पहिल्यांदा हसू आलं, पण हसू ओठांपर्यंत येईस्तोवर शिळं झालं. मलमातलं औषध कारखान्यातलं होतं, दुकानातल्या औषधाचंच चुलत भावंड, फक्त या जंतूंनी ते अजून चाखलं नव्हतं. टाकीत ओतलं तर दोन वर्षांत तेही पचवतील, आणि मग अंगठा कापला तर माणसालाही ते लागणार नाही. तो बशी घेऊन साहेबांकडे गेला. साहेबांनी बघितलं, ऐकलं, खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे नैसर्गिक नाही?"

"अंगठा नैसर्गिक आहे. मलम नाही."

साहेबांनी छताकडे बघितलं. मग म्हणाले, "तरी बरं, प्रश्नचिन्ह आहे. आपण कुठे काय छातीठोक सांगितलंय? विचारलंय फक्त." आणि फोटो भिंतीवर राहिला.

वहीत त्यानं सोमवारच्या पानावर, त्या 'का'पुढे, जागा होती तिथे लिहिलं: 'ही नाही. मलम लागलेला अंगठा.' मोबाईल बघितला. आज ५. आकडा का उतरतोय हे कळेना, आणि कळून घ्यायची हिंमतही होईना. पण मेहुण्याला फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. 'मी आहे ना' समोर बोललेलं होतं, मग हेही समोरच बोलायला हवं. त्यानं दुपारी सुट्टी टाकली, दोन बस बदलल्या, आणि शेवटचं अंतर चालत गेला. चालताना वाक्य जुळवत होता. 'हे बघ, चूक झाली.' नको. 'विज्ञानात असं होतं.' हे तर अजिबात नको. मेहुण्याच्या फाटकाशी पोचला तोपर्यंत सगळी वाक्यं वापरून, टाकून झाली होती.

मेहुणा गुडघ्यापर्यंत विजार दुमडून टाकीच्या कठड्यावर बसला होता. अंगणात चुलीवर पिंप, पिंपात तपकिरी पाणी, आणि बाजूला सालांचा ढीग. कांद्याची, काकडीची. आणि आणखी कशाकशाची.

"हे काय?"

"थांबलो नाही तुमच्यासाठी," मेहुणा म्हणाला. "म्हटलं पाचातलं एक आहे, तर पाची टाका. काजूची टरफलं नाही मिळाली, काजूच टाकले मूठभर. कापसाची मुळं कुठून आणू, उशी फाडली. वरून कॉफी टाकली. कॉ असला म्हणून काय झालं, जवळचाच आहे. हसू नका. अडतीसवरून पाचावर आलंय, भावजी. बुधवारी ओतलं, गुरुवारी बारा, आज पाच. आता सांगा, यातला खरा कोणता? म्हणजे बाकीचं उकळायचं वाचेल."

तो कठड्याशी आला. टाकीत बघितलं. मासे पोहत होते, गोल गोल नाही, सरळ. पाण्याचा तळ दिसत होता. मेहुण्याच्या टाकीचा तळ त्यानं कधीच पाहिला नव्हता.

"कोणताच नाही," तो म्हणाला. "ती टिकली कोरी होती. का म्हणजे काही नाही."

"मग जंतू मेले ते?"

"माझ्या अंगठ्याला मलम होतं. अंगठ्याचं टिकलीला लागलं. तुझ्या बहिणीनं लावलेलं."

मेहुणा त्याच्याकडे बघत राहिला. पंप घरघरत होता. मग त्याच्या गालात काहीतरी हललं. "म्हणजे अकरा वर्षं तुम्ही उकळताय," तो म्हणाला, "आणि शोध लावला ताईनं."

"हो. तिनंच लावलं."

"तिला सांगितलंत?"

"नाही अजून."

"नका सांगू. डोक्यावर बसेल." मग हसू ओसरलं, आणि मेहुण्यानं पिंपाकडे बघितलं, सालांकडे बघितलं, फाटक्या उशीकडे बघितलं. "पण मग हे बरे कशानं झाले?"

"पिंप ओतायच्या आधी काय केलंस?"

"काय करणार. पाणी काठोकाठ होतं, काढा मावेना. निम्मं पाणी काढलं. मग निम्म्या पाण्यात एवढे मासे कसे राहतील, म्हणून दोन टाक्यांतले उचलून रिकाम्या दोन टाक्यांत टाकले. त्या घासल्या आधी. मग काढा ओतला तर पाणी काळं झालं, मासे वर येऊन तोंड वासायला लागले. घाबरलो. तेही काढून टाकलं आणि ताजं भरलं." तो थांबला. "म्हणजे काढा तसा तासभरच होता आत."

तो कठड्यावर हात टेकून पाण्यात बघत राहिला. मासा कमी, पाणी स्वच्छ, जागा मोकळी. हे कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असतं. तो ते पान इतक्या वेळा उलटून पुढे गेला होता, औषधांच्या प्रकरणाकडे, की पहिलं पान आहे हेच तो विसरून गेला होता. त्याच्या संस्थेत कुणी स्वच्छ पाण्याचा भिंतीएवढा फोटो लावला नसता. मोकळ्या जागेचा फोटो कसा काढतात?

"या शेवटच्या टाकीत अजून दाटी आहे," तो म्हणाला. "पाच मेले ते यातलेच ना?"

"यातलेच."

"यातले निम्मे काढू. दोन टाक्या अजून रिकाम्या आहेत."

त्यानं बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, विजार दुमडली आणि पाण्यात उतरला. पाणी अपेक्षेपेक्षा गार होतं. मेहुण्यानं जाळी दिली. पहिल्या खेपेला चार मासे, दुसरीला सहा. ज्यांच्या पोटावर चट्टा, ते वेगळे. पाठ लगेच बोलायला लागली. सकाळी अंगठ्याला गुंडाळलेल्या पट्टीचं टोक सुटलं, पाणी आत गेलं, आणि काप चुरचुरायला लागला. जाळी, टाकी, जाळी, टाकी. दोघं मासे वाहत राहिले.

"भावजी," मेहुणा पाठमोराच म्हणाला. रागानं नाही. दमलेल्या माणसानं दमलेल्या माणसाला विचारावं तसं. "टाकीत मासे कमी ठेव, एवढंच होतं ना? चार वर्षांपूर्वी हात धुताना. मग का नाही सांगितलंत?"

का म्हणजे का, हे उत्तर त्याच्याकडे तयार होतं, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. ते त्यानं दिलं नाही. त्यानं जाळी पाण्यात घातली, वर काढली. जाळीत एकच मासा आला, मोठा, बिनचट्ट्याचा, आणि त्यानं तो हातानंच उचलला, अंगठा आणि बोटांमध्ये, दोन्ही हातांनी, जपून. मासा एकदा जोरात हलला. कापाची कड उघडली आणि रक्ताचा एक थेंब पाण्यात पडला, गोल पसरला, फिका होत होत दिसेनासा झाला.

"धरा," मेहुणा म्हणाला. "सोडू नका."

"धरलाय," तो म्हणाला, आणि पलीकडच्या टाकीपर्यंत गेला.